खाणीतल्या रानाची माती

सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. स्थळ रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला, कातळावरची बंद पडलेली चिरेखाण, उत्तरेकडचा काठ. हजर माणसं तीन: ओव्हरसिअर सावंत, जेसीबीचा ड्रायव्हर आणि मी. तिघेही खाली बघत होतो.

काय बघत होतो ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा पत्रकार आता काहीही सांगायला लागला.

आमच्या धंद्यात जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी बांगडे गुंडाळायला जातं. जे छापता येत नाही ते मात्र साठत राहतं. पावसाळ्यानंतर झाडाखाली पाला साठतो तसं. एकावर एक थर बसतो, खालचा कुजून काळा होतो आणि एक दिवस त्यातून काहीतरी उगवलेलं दिसतं. या खाणीतल्या रानाबद्दल माझ्याकडे असे बरेच थर आहेत. शहराच्या वनउद्यानाचा इतिहास म्हणून ते कोणी लिहून घेणार नाही. अधिकृत इतिहासात तिथे एकही झाड नाही.

*

आधी जागा समजून घ्या. मेमध्ये त्या कातळावरून चालत निघालात तर पायाखाली काळा तापलेला दगड, वर पांढरं आकाश, आणि मध्ये तुम्ही. गवताची काडी नाही. असे पाच-सात मिनिटं चाललात की कातळ अचानक संपतो आणि पावलांच्या पुढे, अगदी पावलांच्या पातळीवर, झाडांचे शेंडे सुरू होतात.

जांभ्याचे चिरे काढून काढून पडलेला तो मोठा चौकोनी खड्डा. तीन मजली घर आत उभं राहील एवढा खोल. आणि काठोकाठ भरलेला. ऐन, किंजळ, कुंभा, सातवीण, बकुळ, जांभूळ. काठावर बसलं की पक्षी खालून उडताना दिसतात. आयुष्यभर आपण पक्ष्यांची पोटं बघतो, तिथे त्यांच्या पाठी दिसतात. मी हळद्याची पाठ पहिल्यांदा तिथे पाहिली. खालून थंड हवा वर येते, ओल्या पाल्याचा वास घेऊन. घामाने भिजलेला माणूस तिथे दोन मिनिटं टेकला की कशासाठी आलो होतो तेच विसरतो.

मी एकदा असाच विसरलो. तिथूनच सुरू करतो.

*

पंधराएक वर्षांपूर्वी मला टिप मिळाली की कुणी एक म्हातारा सरकारी खाणीत अतिक्रमण करून बसलाय. मी पेन सरसावून गेलो. हेडिंग डोक्यात तयार होतं.

खाणीत उतरायला दगडातच कोरलेल्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर एक हडकुळा माणूस बसला होता. कमरेला पंचा, डोक्याला टॉवेल. हेच गणूकाका पाष्टे.

"माती कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली माती?"

"खाली जायाचा तर माती आनाची. रिकाम्या हातान नाय."

मी प्रेसचं कार्ड काढून समोर धरलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट बघितलं आणि परत दिलं.

"ह्या रुजल काय?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कार्डाचा असा पंचनामा कोणी केला नव्हता. मी तणतणत घरी आलो, हिच्या मोगऱ्याच्या कुंडीतली निम्मी माती पिशवीत भरली आणि परत गेलो. गणूकाकांनी पिशवीत हात घातला, चिमूट चोळून पाहिली, वास घेतला आणि बाजूला सरकले.

संध्याकाळपर्यंत मी खाली होतो. अतिक्रमणाची बातमी दिली नाही. मोगरा मात्र त्या वर्षी फुलला नाही, आणि का ते आमच्या हिला कळायला तीन महिने लागले. कळलं तेव्हा ती म्हणाली, "मला विचारलं असतंत तर चांगली माती दिली असती."

*

गणूकाकांची गोष्ट एवढीच. तरुणपणी ते याच खाणीत चिरे काढायचे. मशिनं नव्हती तेव्हाची गोष्ट, सगळं हाताने. निम्म्या शहराच्या भिंती त्या खड्ड्यातून वर आल्या. पुढे चांगला दगड संपला, मालक गेला, खाण बंद पडली. तळाला नुसता कातळ आणि पावसाचं साचलेलं पाणी.

एके दिवशी त्यांनी स्वतःच्या शेताच्या बांधावरची एक टोपली माती नेऊन तळाच्या कोपऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी. बिया पाखरांनी आणल्या, थोड्या यांनी. कातळावर माती म्हणजे काय चीज असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दगड हवा तेवढा, पाणी चार महिने हवं तेवढं, माती मात्र मागून आणावी लागते. म्हणून तो नियम.

"पण कशासाठी, काका?" मी एकदा विचारलं.

"माज्या हातान काडला ना सगला," ते म्हणाले. "त्या परत भरून जायाचा हाय."

"हा खड्डा? मातीने?"

"मातीन कसा भरल? झाडान भरल. काठाला लागलं शेंडं की मी मोकला."

तेव्हा शेंडे काठापासून पुरुषभर खाली होते.

*

लिमये बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी खाण गाठली. नियमाप्रमाणे दर वेळी डब्यातून माती. खाली उतरून त्यांनी प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी अडकवायला घेतली. मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, सुबक अक्षरात.

गणूकाकांना वाचता येत नाही. त्यांची नावं वेगळी होती. कोणत्या जागेवरचा दगड कोणत्या घराला गेला, हे त्यांना पाठ होतं. त्या जागेवर जे झाड उगवलं ते त्या घराचं. जोशांचा ऐन. पोस्टाच्या गल्लीतली किंजळ. शाळेच्या कंपाउंडची सातवीण.

"अहो पाष्टे, हा टर्मिनालिया आहे," बाई म्हणायच्या.

"आसल. पन घर जोशांचा."

"झाडाला घर नसतं."

"मंग जोशांच्या घराला काय हाय? त्यांचा घर हितला, झाड हितला."

हे भांडण दोन पावसाळे चाललं. तिसऱ्या वर्षी मी पाट्या पाहिल्या तर शास्त्रीय नावाखाली बारीक अक्षरात तिसरी ओळ आली होती: जोशी, खालची आळी. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "स्थानिक नाव लिहायची पद्धत आहे. शास्त्राला धरूनच आहे."

मग हळूहळू गावात कळलं. माणसं आपलं झाड बघायला यायला लागली. भाड्याच्या घरातलीही यायची. मुंबईहून गणपतीला आलेले चाकरमानी आरती आटोपून पिशवीत माती घेऊन कातळावर चढायचे. आपल्या झाडाखाली ओतायचे, खोडाला हात लावून उभे राहायचे. एकदा तर दोन भाऊ दिसले, घराच्या वाटणीवरून पाच वर्षं एकमेकांशी न बोलणारे. एकाच झाडाला दोन बाजूंनी माती घालत होते. अजूनही बोलत नव्हते. पण माती सारखी पडतेय ना ते दोघेही बघत होते.

मी कधी विचारलं नव्हतं. गणूकाकांनीच एक दिवस मला एका बकुळीखाली नेऊन उभं केलं.

"तुमची."

माझं घर वडिलांनी बांधलेलं. दगड कुठला, हे मी साठ वर्षांत त्यांना विचारलं नव्हतं. बकुळीखाली फुलांचा सडा पडला होता.

*

आता वनउद्यान. शहराला वनउद्यान हवं, असं वरच्या पातळीवर ठरलं आणि जागा म्हणून तो कातळ निवडला गेला. स्थळपाहणीला नगरपालिकेचे साहेब, पुण्याचे एक डिझायनर आणि ओव्हरसिअर सावंत असे तिघे गेले. मे महिना. गाडी डांबरी रस्त्यावर थांबली. रस्त्यावरून खाण दिसत नाही, ती फक्त नकाशात दिसते. झाडांचे शेंडे काठाच्या जरासे खालीच, त्यामुळे लांबून नुसता सपाट कातळ वाटतो.

अहवाल मी स्वतः वाचला. "जागा सपाट व वृक्षविरहित आहे. मध्यभागी एक धोकादायक खड्डा असून तो भरून घेणे आवश्यक आहे. त्यानंतर वृक्षारोपण करता येईल."

म्हणजे रान गाडायचं, आणि त्यावर रान लावायचं.

मी सावंतांना गाठलं. "सावंत, खाली उतरलात का तुम्ही लोक?"

सावंत सरळ माणूस. खोटं बोलता येत नाही ही त्यांच्या नोकरीतली मोठी अडचण. मान खाली घालून म्हणाले, "साहेबांनी काच खाली केली होती."

*

डिझायनरने सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवली. गोल रस्ते, बाकं, रंगीत कारंजं. सगळीकडे हिरवे ठिपके.

लिमये बाई उभ्या राहिल्या. "ही झाडं कोणती?"

"मॅडम, ती इंडिकेटिव्ह आहेत, म्हणजे कल्पना येण्यापुरती."

"अस्सं. इंडिकेटिव्हला फळ केव्हा धरतं?"

सभागृह हसलं. डिझायनरही हसला, बिचारा. मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी उठून जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण मला सांगण्यात आलं की हरकत लेखी द्या. मी लेखी दिली. चार पानं. दीड महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं: "सदर जागेवर वृक्ष आढळून येत नसल्याने आपली हरकत निकाली काढण्यात येत आहे."

मग मी माझं हत्यार काढलं. बातमी. पहिल्या पानावर, फोटोसकट. फोटोग्राफर भर दुपारी काठावर गेला, पिशवीतून माती नेली नव्हती म्हणून काकांनी त्याला उतरू दिलं नाही आणि त्याने वरूनच फोटो काढला.

छापून आलं तेव्हा फोटोत सपाट कातळ आणि मधोमध झुडपांसारखे दिसणारे शेंडे. संपादकांचा फोन आला. "अरे, तुझं रान ते हेच का?" दिवसभर वाचकांचेही फोन. एक जण म्हणाला, "एवढी करवंदीची जाळी गेली तर बिघडलं कुठे?"

माझ्याच बातमीने त्यांची बाजू सिद्ध केली. त्या दिवशी मी खाणीवर गेलो आणि गणूकाकांवर ओरडलो. एका दिवसापुरता नियम मोडला असतात तर काय झालं असतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमी तरी कुटं आनलीत माती आज?" एवढंच म्हणाले.

*

भरावाला किती माती लागेल ते काढायचं तर खोली मोजायला हवी. सावंत टेप घेऊन आले. पायरीवर काका.

सावंतांनी काही विचारायच्या आत स्वतःच्या बुटांकडे बघितलं, मोटरसायकलच्या डिकीतून एक पुडी काढली आणि पुढे केली. घराच्या परसातली माती. म्हणजे माणसाला नियम माहीत होता.

"कुनाचं सावंत?" काकांनी विचारलं.

"खालच्या आळीतले. विहिरीजवळचं घर."

"येवा."

काकांनी त्यांना थेट पूर्वेच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक जुना कुंभा आहे, एकाच्या कवेत न मावणारा. "ह्यो तुमचा. तुमच्या आज्यान चिरं मोजून घेतलान. दोन परत दिलान, कोना तुटला म्हनून."

सावंत त्या झाडाखाली बसले. मी लांबून बघत होतो. वरून उन्हाचे कवडसे पडत होते, हलत होते, खड्डा पाण्याने भरलाय आणि आम्ही तळाशी बसलोय असं वाटत होतं. अर्धा तास गेला असेल. टेप त्यांच्या हातात गुंडाळलेलीच होती. मग ते उठले, पँट झटकली आणि वर निघाले.

"मोजलंत?" मी विचारलं.

"टेप कमी पडली," सावंत म्हणाले.

तेच त्यांनी ऑफिसला लिहून कळवलं. ऑफिसने जुन्या नोंदींवरून अंदाज धरला आणि वर्क ऑर्डर काढली.

*

त्या शुक्रवारी दुपारी तीन डंपर आले. हायवेच्या कामात डोंगर कापला होता, तिथली माती. तांबडी, भुसभुशीत, दगड नसलेली. उत्तरेच्या काठावर तीन ढीग पडले, एकेक पुरुषभर उंच. सोमवारी सकाळी जेसीबी येऊन ते खाली लोटणार, आणि मग रोज डंपर. मी पहिल्या ड्रायव्हरशी भांडलो. तो म्हणाला, "साहेब, मला रिकामी करायला सांगितलंय. भरायला सांगितलं तर भरीन."

गणूकाका तिथे नव्हते. आदल्या दिवशी मुलीने त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं होतं. सोमवारी तपासून सोडणार होते. मी तसाच दवाखान्यात गेलो. त्यांना सांगावं की नाही, हेच वाटभर ठरत नव्हतं. ते कॉटवर बसले होते, डाव्या डोळ्यावर पट्टी. मला बघून म्हणाले, "शेंडं काठाला लागलं. बेस्तवारी निगताना बगून आलो. किंजळ एक बोट वर हाय."

मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पट्टी चाचपली. मग म्हणाले, "माती कशी हाय?"

"काका, तुमचं रान गाडायला निघालेत."

"त्या कळला. माती कशी हाय? तांबडी?"

"तांबडी. चांगली आहे."

"खडं?"

"नाहीत."

त्यांचा चेहरा निवळला. एवढी माती त्यांनी जन्मात एका जागी बघितली नसेल. "मंग चांगलाच झाला," ते म्हणाले. "निस्ती वरून लोटू नका म्हनाव. झाड खाली दडापतं, मरतं. हातान घाला म्हनाव."

मी चरफडत बाहेर आलो आणि लिमये बाईंना फोन केला. काकांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणालो, म्हाताऱ्याला काही कळतच नाहीये. बाई म्हणाल्या, "अस्सं." आणि फोन ठेवला. घरी येऊन हिलाही तेच सांगितलं. ती भाजी निवडत होती. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली.

शनिवार-रविवार मला चिपळूणला चुलतभावाच्या मुलाच्या साखरपुड्याला जायचं होतं. हिचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. मी एसटीने गेलो आणि रविवारी रात्री उशिरा परत आलो.

*

सोमवार, सहा चाळीस. काठावर ढीग नव्हते.

तीन डंपर माती पडली होती तिथे कातळ स्वच्छ होता. झाडल्यासारखा. जेसीबीचा ड्रायव्हर मशिनवरून उतरला, इकडेतिकडे बघत आमच्यापाशी आला. "साहेब, ढकलायचं काय आहे?"

सावंत खाली बघत होते. मग मीही बघितलं. शेंड्यांच्या फटींतून खालची जमीन दिसत होती. एकेका झाडाच्या बुंध्याशी तांबडं आळं होतं. गोल, हाताने थापलेलं, पाणी घातलेलं. जोशांच्या ऐनाला. शाळेच्या सातविणीला. सावंतांच्या कुंभ्याला. माझ्या बकुळीला. जिथवर नजर गेली तिथवर एकही झाड सुटलं नव्हतं. पायऱ्यांवर शंभर पावलांचे तांबडे ठसे होते, उतरणारे आणि चढणारे, मोठे आणि लहान, एकावर एक. कोणते कोणाचे ते ओळखता येत नव्हतं.

सरकारी कामाची माती जागेवरून नाहीशी झाली म्हणजे चौकशी आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत भरावाचं काम बंद, असा नियम आहे, आणि हा नियम मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आवडला. जबाब घेतले गेले. त्याच्या प्रती माझ्याकडे आहेत.

रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याने लिहून दिलं की शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस दूध दुपारीच संपलं, त्यामुळे त्याने कोणालाही पाहिलं नाही. सावंतांनी लिहून दिलं की त्यांना साप्ताहिक सुट्टी होती. गणूकाकांनी अंगठा उठवला: डोळ्यावर पट्टी होती. लिमये बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं की त्या दोन्ही दिवस घरी परीक्षेचे पेपर तपासत होत्या. बाईंना रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.

मलाही नोटीस आली. मी चिपळूणला होतो असं लिहिलं आणि एसटीची दोन्ही तिकिटं जोडली. माझी स्कूटर त्या दोन दिवसांत घरीच होती. सोमवारी ती काढली तेव्हा पाय ठेवायच्या जागेवर बोटभर तांबडी माती होती, आणि दोरीवर हिची जुनी साडी वाळत होती, काठ धुऊनही लाल राहिलेला. मी काही विचारलं नाही. जबाबातही ते लिहिलेलं नाही.

फाईल अजून उघडी आहे. तिच्यात शेवटच्या पानावर एकच रकाना भरायचा राहिलाय: "माती हलवणाऱ्याचे नाव."